वेळ बदलणारं टूल

डायलिसिसच्या खोलीबाहेर शमुवेलसर आपल्या पाळीची वाट बघत पुस्तकात तोंड घालून बसले होते. ऐकू नये असं वाटत असूनही काउंटरवरच्या दोघींचं बोलणं कानांवर पडत होतं.

“दीना, पेशंटना वेळा देणाऱ्या एआयला ‘वेळ बदला’ या टूलचं वर्णन काय दिलंस?”

“‘पेशंटची वेळ बदलते.’ एवढंच.”

“जुनी आधी रद्द होते, नवी मिळेलच असं नाही, हे नाही लिहिलंस?”

“ते आपल्याला माहीतच आहे की, नॅन्सीताई.”

“त्याला कुठून? कारभारीबाबांनी फक्त तासभर उशीर होईल म्हणून कळवलं. त्यानं टूल वापरलं. जुनी वेळ गेली, नवी आठवडाभर नव्हतीच. आज धाप लागलेल्या अवस्थेत आणलं त्यांना.”

“आता लिहू?”

“लिही. बाबा मघाशी गेले.”

तेवढ्यात कारभारींची बायको चांगुणाबाई पाण्याची बाटली भरून आली.

“सर, लावलं का वो मशीन आमच्या मालकांना?”

“बसा, बाई,” सर म्हणाले.