ओंकारचं नाव

शर्वरी: ...आयसीयूत फक्त आईलाच सोडतात, काकू. अश्विनीताई बाळाची आत्या, पण तुम्हाला पास देऊन ती खाली गेटवरच बसलीय. आज बारावा दिवस. कानात नाव मलाच सांगावं लागणार. चालेल ना?

मंगला: न चालायला काय झालं? यांना बहीण नाही, मीपण माझं माझंच सांगितलं होतं. आधी दोन घास खा.

शर्वरी: जात नाही काही. अकराशे ग्रॅमचा होता, आज हजार ऐंशी भरला. डॉक्टर म्हणाले, दो दिन देखते हैं.

अनिल: देखते हैं म्हणाले म्हणजे उम्मीद आहे, बेटा.

शर्वरी: काका, तुम्हा दोघांना विचारायचं होतं. ओंकार ठेवू?

मंगला: त्यात विचारायचं काय? आपल्या गल्लीत सात ओंकार आहेत. मैदानावर एकाला हाक मारली की चौघं वळून बघायचे.

शर्वरी: सगळे तुमच्या ओंकारवरूनच ना? आई सांगायची, तुम्ही ओंकारेश्वरला नवस बोलून आलात आणि मुलगा टिकला. मग मृण्मयीमावशीने तिच्या सातव्या महिन्यात झालेल्याला तेच दिलं. आता तो इंदूरला जिम चालवतो. मग तिवारींनी, मग मागच्या लाइनीत. ज्याचं लेकरू नाजूक, त्याने हेच नाव ठेवायचं. हे नाव मुलाला जाऊ देत नाही म्हणे.

मंगला: तुला रुचिर आवडायचं ना? ते ठेव.

शर्वरी: आवडून काय करू, काकू? मला तो घरी न्यायचाय.

(आतून सिस्टर हाक मारते, "शर्वरी, दूध का टाइम." शर्वरी चप्पल काढून आत जाते.)

अनिल: सांगून टाक तिला.

मंगला: काय सांगू?

अनिल: नवसबिवस काही नव्हता म्हणून. बँकेने माझी बदली ओंकारेश्वरला केली, तिथे दर तिसऱ्या घरात एक ओंकार, म्हणून आपणही ठेवलं. आणि तो आपला चौदाव्या दिवशी गेला.

मंगला: हळू बोला.

अनिल: अडतीस वर्षं हळूच बोलतोय.

मंगला: दुसरा इथे उज्जैनला झाला, तर तुमच्या आईंनी तेच नाव धरलं. तोच परत आलाय म्हणाल्या. मी म्हटलं, त्याचं नाव त्याच्याकडे राहू द्या. ऐकलं कोणी माझं? त्याच्याही कानात तेच सांगायला लावलं मला. तुम्ही तरी?

अनिल: लोकांना तर सांगता आलं असतं.

मंगला: मृण्मयी रडत आली ना, तेव्हा सांगणारच होते. तिचं तोंड बघितलं आणि गप्प बसले. एकदा गप्प बसल्यावर पुढच्यांना काय सांगणार? प्रत्येकाच्या बारशाच्या घुगऱ्या खाऊन आले, आणि प्रत्येकाचा चौदावा दिवस मोजला मी. तो उलटेपर्यंत डोळ्याला डोळा नाही लागायचा.

अनिल: आणि याला काही झालं तर?

मंगला: सांगितलं तर व्हायचं थांबेल? तिच्या हातात एवढंच एक आहे. ते काढून घेऊन तिला काय द्यायचं, तेवढं तुम्ही सांगा. मी आत्ता जाऊन बोलते.

अनिल: मला नाही मालूम.

मंगला: मग बसा.

शर्वरी: काकू, सिस्टरने अजून दोन मिनिटं दिलीयत, पळत आले. डोळे नाही उघडत, पण माझं बोट धरलं त्याने. सांगू ना तेच नाव?

मंगला: सांग.

शर्वरी: किती वेळा म्हणायचं असतं? तुम्ही किती वेळा म्हटलं होतं?

अनिल: मंगला.

मंगला: दोनदा.

शर्वरी: मग मीपण दोनदाच म्हणते.