आज साल अठराशे त्रेसष्ट

...आणि म्हणे घोंगडीवर बसा! चौसष्टाव्या वर्षी, गुडघे हे असे, अंगात कॉर्सेट एवढा आवळलेला की शिंकसुद्धा अर्धीच बाहेर पडते, आणि मी पेनसिल्व्हेनियाच्या गवतात मांडी घालू? मी नुसतं विचारलं, "एखादी घडीची खुर्ची...?" तर आमच्या छावणीच्या मुख्य टॅगर्टबाई चष्म्यावरून बघत, नाकातून, "नोरीन, आज साल अठराशे त्रेसष्ट आहे!"

बसले. काय करता?

तुम्हाला सांगते, ही सगळी माझ्या नवऱ्याची, क्लेटनची हौस! दर जुलैत ही मंडळी अमेरिकेच्या यादवी युद्धातली लढाई पुन्हा लढतात. पुरुष उत्तरेचे निळे नाहीतर दक्षिणेचे, बंडखोरांचे करडे कोट चढवून बंदुका उडवतात, नुसती दारू, गोळी नाही, आणि आम्ही बायका घर जळालेल्या निर्वासित! अहो, माझं घर धडधाकट आहे, चाळीस मैलांवर, एसीसकट! पण नाही, इथे चूल फुंकायची, खारवलेलं डुक्कर परतायचं, आणि बघायला आलेल्यांपैकी कुणी विचारलं, "आजी, हे खरंच खाता?" की एप्रनला डोळे पुसून म्हणायचं, "बंडखोरांनी आमची गाय नेली हो!" कसली गाय? आम्ही जन्मात मांजर पाळलं नाही! उन्हाचं मलम लावू? "साल अठराशे त्रेसष्ट!"

यंदा मला यायचंच नव्हतं. मार्चमध्ये क्लेटनच्या हृदयात दोन स्टेंट बसले, डॉक्टर म्हणाले ऊन टाळा, आणि हा लोकरीचा कोट घालून तयार! "अगं, मी पहिल्याच फैरीत मरतो, सावली बघून पडतो, मग आराम!" हे मात्र खरं. पंचवीस वर्षांत हा त्या ओकच्या झाडापलीकडे जिवंत गेलेला नाही. मी चिडून म्हटलं, "जा, मर एकदाचा! आणि जेवायला वेळेवर ये."

सकाळी टॅगर्टबाईंनी बजावलं होतं, "खेळातल्या जखमीसाठी 'सर्जन!' ओरडायचं. कुणाला खरंच काही झालं तरच 'मेडिक!' तो शब्द त्या काळचा नाही, ऐकला की सगळं थांबतं." मी मान डोलावली. लक्ष होतं चुलीच्या धुरात.

झालं, लढाई पुढे सरकली आणि आम्ही आपापले मेलेले शोधायला निघालो. क्लेटन ओकखाली. तोंड उघडं, चेहरा लालबुंद. हाक मारली... हलवलं... चिमटा काढला... ढिम्म! चाळीस वर्षांचा संसार, आणि मी त्याला शेवटचं काय बोलले? मर एकदाचा! मी जीव खाऊन ओरडले, आणि तोंडातून काय निघावं? "सर्जन!"

टाळ्या! अहो, दोरीपलीकडून प्रेक्षकांच्या कडाडून टाळ्या! आमचा खेळातला सर्जन करवत घेऊन धावला, "धीर धरा बाई, पाय कापावा लागेल!"

"पाय नाही हो, हृदय! स्टेंट आहेत त्याला!"

टॅगर्टबाई मागून दातओठ खात, "स्टेंट? नोरीन, साल..."

तेव्हा आठवलं! "मेडिक!! मेडिक!!"

तोफा बंद. दोन्ही सैन्यं धावली, सेनापती घोड्यावरून उतरले, रुग्णवाहिका भोंगा वाजवत शेतात घुसली... आणि क्लेटन ताडकन उठून बसला! "कोण? कुठे? खरंच कोण पडलं?"

पंचवीस वर्षांची सवय हो! तोफांनी न उठलेला माणूस त्या एका शब्दानं उठला. नव्या गोळ्यांनी झोप लागली होती म्हणे! मी त्याला टोपीनं दोन हाणल्या आणि मग मिठी मारून अशी रडले की कॉर्सेटची नाडी तटकन तुटली, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. सुटले हो, सुटले!

टॅगर्टबाई आल्या. मला वाटलं, आता तरी विचारपूस करतील. "रडणं अस्सल होतं, नोरीन. पुढच्या वर्षी तीनही दिवस विधवा तूच!" क्लेटन खूश, "मी मरतोच आहे!"

मी फक्त विचारलं, "विधवेला खुर्ची मिळते का?"

"नोरीन! आज साल..."

बसले. काय करता? शेजारी नवरा पुन्हा घोरायला लागला होता.