दोनशे चौदा वेळा नकार

मी, रुबीना इरशाद बागवान, वय २६ वर्षे, व्यवसाय संगणक दुरुस्ती व देखभाल, रा. मंडी बाजार, अंबाजोगाई, जि. बीड, आज दुपारी सव्वाबारा वाजता कोणी न बोलावता ठाण्यात हजर होऊन सांगते की, आपण सकाळपासून बाकड्यावर बसवून ठेवलेले गहिनीनाथ नागरगोजे, वय ५८, यांनी काहीही केलेले नाही. पुरावा माझ्या हातात आहे. मी पळत आले, दम लागला आहे. हवालदार साहेबांनी सावकाश बोल म्हटल्याने क्रमाने सांगते.

शहरातील मुलींच्या एका खासगी वसतिगृहाचे संगणकाचे काम मी तीन वर्षांपासून पाहते. गहिनीनाथकाका तेथे फाटकावर पहारेकरी आहेत. यंदा निवडलेल्या त्रेसष्ट मुलींची यादी वसतिगृहाच्या वेबसाइटवर आहे. त्यातल्या बऱ्याच शिरूर कासारकडच्या असून त्यांचे आईवडील याच आठवड्यात ऊसतोडीला निघतात. उद्या प्रवेश आहेत. यादीची दुसरी प्रत नाही, आता करणार आहे.

वेबसाइट लोकांना दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला वेब सर्व्हर म्हणतात. संगणक चालू होताच तो आपोआप सुरू होतो, समोर कोणी बसावे लागत नाही. मात्र तो कोणत्या तरी खात्याच्या नावानेच चालतो. पूर्वी तो मुख्य खात्यावर चालत असे, म्हणजे वेबसाइटमधून कोणी आत शिरला की अख्खे घर त्याचे. मी त्याला वेगळे खाते दिले. त्यावरून कोणत्याही माणसाला लॉगिन करता येत नाही. त्या खात्याला यादी वाचता येते, बदलता किंवा पुसता येत नाही. लिहिता येते ते फक्त फोटोंच्या फोल्डरमध्ये.

आता माझी चूक. वसतिगृहाचा जुना नियम आहे की मस्टरवर, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या हजेरीपटावर, नाव नाही त्याचे खाते उघडायचे नाही. सचिव जगदेवीताई निलंगे मला म्हणाल्या होत्या, "मशीनला कुठला मस्टर नंबर आणू बाई? मानसाचं नाव दे." मी मस्टर पाहिले आणि नंबर सातवर बोट ठेवले. गहिनीनाथकाका संगणकाला हात लावत नाहीत आणि फाटक सोडत नाहीत, म्हणून त्या खात्याला तेच नाव शोभेल असे वाटले. त्यांना विचारले नाही. आज त्याची फार लाज वाटते.

काल सकाळी ११.४२ ते ११.४९ या वेळेत 'गहिनीनाथ' खात्यावरून यादी पुसण्याचे प्रयत्न झाल्याची नोंद संगणकात आहे. जगदेवीताईंनी त्या नोंदीच्या छापील कागदावर नाव पाहिले आणि घाबरून तक्रार दिली. त्यांनी ओळी पूर्ण वाचल्या नाहीत. प्रत्येक ओळीच्या शेवटी परवानगी नाकारल्याचे लिहिले आहे. मी दोनदा मोजल्या. दोनशे चौदा आहेत! फोटो चढवण्याच्या पानातून बाहेरचा कोणी तरी आत घुसला, म्हणून नोंदीत वेब सर्व्हरच्या खात्याचे नाव आले, आणि तो सात मिनिटे यादीवर धडका मारत राहिला. एकाही मुलीचे नाव गेले नाही. हे मी आजवर फक्त वाचले होते, माझ्या हातचे काम असे टिकताना पहिल्यांदा पाहिले. हे वाक्य जबाबात नको, असे हवालदार साहेब म्हणाले. मी राहू द्या म्हटले.

त्याच वेळी काका कोठे होते, तेही सांगते. तीन वर्षे झाली तरी ते मला सहीशिवाय आत सोडत नाहीत. कालच्या फाटकाच्या वहीत ११.४५ ला त्यांच्या अक्षरात माझे नाव आहे. वही सोबत आणली आहे.

यावर शेजारी बसलेले ठाण्याचे मोठे साहेब म्हणाले, "पण नाव तर ह्याचंच हाय ना?" मी विचारले की, हा जबाब ज्या संगणकावर चालला आहे, तो कोणाच्या नावाने उघडला आहे? हवालदार साहेबांनी पाहिले. दोन वर्षांपूर्वी बदली होऊन गेलेल्या साहेबांचे नाव निघाले. मग माझा जबाब त्यांनी लिहिला काय, असे मी विचारले. साहेब हसले नाहीत. त्यांनी काकांना आत बोलावून खुर्ची दिली.

मी काकांना सगळे सांगितले. ते म्हणाले, "पोरी, माज्या नावानं कुनी दोनशे चौदा येळा मागितलं, अन् मशीननं एकदाबी दिलं न्हाई?" मी नाही म्हटले. "मंग लई बेस केलं. मीबी दिलं नसतं." मी आजच नाव बदलते म्हटले, तर म्हणाले, "कावून? ऱ्हाऊ दे की. फकस्त आदी इचारायचं व्हतं."

शिरणाऱ्याचा माग नोंदीत आहे, प्रत देत आहे. तो कोण, हे शोधणे आपले काम.

हा मजकूर मला वाचून दाखवला, काकांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मी बोलले तसाच तो आहे. यात त्यांचे नाव लिहिण्यास त्यांची परवानगी आहे. सही करण्याआधी ती मी मागितली.

सही/-
रुबीना इरशाद बागवान