स्क्रू दिसणारा पंप

अगं, ह्येला स्क्रू हायत, म्हंजे कुणीतरी वापरून, खोलून परत दिलेला दिसतोय, असं एक मावशी सोबतिणीला म्हणाली आणि मी डिझाईन केलेला फवारणीचा पंप तिनं परत टेबलावर ठेवला. तासगावच्या शेती प्रदर्शनात आमचा स्टॉल होता, मी मागे उभी होते, मला सगळं ऐकू आलं.

आम्ही मूळचे कडेगावचे, पण वडिलांची नोकरी सांगलीत, म्हणून मी इंग्रजी शाळेत गेले. शाळेत एक भाषा, घरात दुसरी, आमची गावाकडची, काय सांगू तुम्हाला, कुठंतरी चुकेल म्हणून मी गप्पच राहायचे. पुढे डिझाईन शिकले, इथल्याच एका पंपाच्या कारखान्यात लागले. रानातून फिरायचे तेव्हा शेडमागे टाकलेले पंप दिसायचे, टाकी धड, पट्टे धड, आतली मोटर तेवढी गेलेली, पण तळ चिकटवलेला, मग उघडणार कसा, म्हणून मी तळाला स्क्रू दिले. कारखान्यातले आमचे सर म्हणाले, प्रदर्शनात लोकांना पटलं तर ठीक, नाहीतर आपण चिकटवूनच काढू.

तर सर मावशीला म्हणाले, अहो, नवाच आहे, घरच्या घरी खोलून दुरुस्त होतो. ती म्हणाली, त्येचंच तर भ्या वाटतंय सायेब, आमचा दीर एकदा खोलून बसला की परत जोडत न्हाई, मालक फौजेत, फवारणी मलाच करायची, तवर कीड थांबतीय व्हय? सोबतीण म्हणाली, हिच्या लग्नातला मिक्सर अजून परातीत हाय बघा. दोघी हसल्या, सरही हसले, मला म्हणाले, ऐकलंस ना, मग चिकटवूया.

मला काही कळेचना. ती खोटं बोलत नव्हती. पंप खोलणार कोण आणि तोवर खोळंबणार कोण, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, म्हणजे मी चुकलेच ना? पण चिकटवला तर हिचाही पंप शेडमागेच जाणार, मग ही तरी कुठं सुटली? मावशी पिशवी उचलून निघाली होती. मी पुढे झाले, स्क्रूड्रायव्हर तिच्यासमोर धरला आणि सरांच्या देखत, सगळा स्टॉल वळून बघेल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, आवं मावशी, दिराला कशाला, तुमीच खोला की, जोडताना अडलं तर मी हितंच हाय.