वरच्या कुरणाचं फाटक

काकू : बॅग भरलीस की नाही? तुला घेऊन जा म्हणून शाळेच्या बाईंना फोन लावतेय मघापासून. उचलत नाहीयेत, पण उचलतील.

मुलगी : नाही भरली.

काकू : का? तीही मीच भरून द्यायची?

मुलगी : काकू, मी मुद्दाम नाही केलं. वरच्या कुरणाचं फाटक सताड उघडं होतं. गाई रस्त्यावर जातील म्हणून मी ते लावलं. बस, एवढंच.

काकू : ऐकलंत का, आजोबा? ‘बस, एवढंच’! अगं, उघडं होतं कारण आम्ही ते उघडं ठेवलं होतं! वर पाण्याचा थेंब नाही. गाई त्याच फाटकातून खाली हौदावर येतात. असल्या उन्हात दिवसभर कोंडून घातल्यास तू त्यांना. आणि आपण काय करत होता, तर झाडाखाली बसून फोटो काढत होता!

मुलगी : गाईंचेच काढत होते.

काकू : मग जपून ठेव. माझी गाय जिवंत होती याचा तेवढाच पुरावा आहे आता.

आजोबा : सूनबाई, जरा हळू. डॉक्टर अजून गोठ्यात आहे. बाकीच्या गाईंना सलाईन लावतोय.

काकू : ऐकू दे की त्याला! त्याच्यासमोरच मान टाकली तिनं. गाभण होती हो, दिवस भरत आले होते. एका मुक्या जिवामागं दुसरा गेला.

मुलगी : मला कुणी सांगितलं होतं?

काकू : काय?

मुलगी : फाटकाचं. कुणी सांगितलं होतं मला?

काकू : त्यात सांगायचं काय? फाटक दिसेल तसं ठेवायचं. उघडं असलं तर उघडं, लावलेलं असलं तर लावलेलं. शेंबड्या पोरालाही कळतं.

मुलगी : तुमच्याकडच्या शेंबड्या पोराला. आमच्याकडे दार उघडं टाकून गेलं की आई ओरडते. मी आल्यापासून तुम्ही माझ्याशी बोललात तरी काय? ‘बूट बाहेर.’ ‘ताट धू.’ ‘दिवा घालव.’

काकू : वेळच्या वेळी जेवायला घातलं, ते नाही दिसलं?

मुलगी : दिसलं ना. आपटून घातलंत तेही दिसलं.

आजोबा : ते खरं आहे.

काकू : तुम्ही मध्ये पडू नका.

आजोबा : पडत नाहीये, बसलोय. पण सांगायला हवं होतं हिला. मलाही सुचलं नाही. जन्मात कधी कुणाला सांगावं लागलं नव्हतं.

काकू : वा! म्हणजे गाय आमची, आणि चूकही आमचीच! चोराच्या उलट्या बोंबा त्या ह्याच. अगं, आमची भाषा शिकून आलीस म्हणून आमचं सगळं कळलं असं नाही. येता कशाला तुम्ही एवढ्या लांब, परदेशात? उन्हाळ्यातलं खेडं बघायला! आम्ही घामानं निथळत गवत कापतोय, माशा फोडून खातायत, पाठीचं लाकूड झालंय, आणि बाईसाहेब बांधावर उभ्या राहून म्हणतात, ‘किती छान वास येतोय!’

मुलगी : छानच होता. आत्ताही तेच म्हणेन.

काकू : मग तो आठवत घरी जा.

मुलगी : मी जाणार नाही.

काकू : घर कुणाचं हे?

मुलगी : तुमचं. पण मी गेले तर तुमच्या मुलीलाही आमच्या घरून परत यावं लागेल. शाळेनं अदलाबदल केलीय आमची. एक फिरली की दुसरीही फिरणार.

काकू : माहीत आहे मला.

मुलगी : माहीत आहे म्हणूनच चाललंय हे.

काकू : काय म्हणालीस?

मुलगी : गाय आज गेली. शाळेच्या बाईंना तुम्ही गेल्या आठवड्यातही फोन केला होतात. ‘मुलगी रुळत नाही, घेऊन जा.’ मी जिन्यात होते, ऐकलं मी. तेव्हा कुठली गाय मेली होती? तुम्हाला मला घालवायचं नाहीये, काकू. तिला परत आणायचंय.

आजोबा : खरं का गं हे?

काकू : खरं आहे! लेक आहे माझी. घरात असावी असं वाटलं तर काय गुन्हा केला? मी फोन केला की ‘बरी आहे, ठेवते.’ संपलं. परक्या माणसाशीसुद्धा याहून जास्त बोलतात.

मुलगी : माझ्याशी रोज बोलते.

काकू : तुझ्याशी?

मुलगी : रोज. रडली परवा. म्हणाली, काहीही झालं तरी तिथून हलू नकोस, तू हललीस की माझं संपलं. म्हणून राहिलेय मी. नाहीतर तुमचं फुगलेलं तोंड बघत बसायची मला हौस नाही. केव्हाच पळाले असते.

आजोबा : पोरी, जीभ आवर.

काकू : नाही, बोलू दे. आणखी काय म्हणते ती?

मुलगी : जाऊ द्या.

काकू : आता का शेपूट घालतेस? बोल की.

मुलगी : म्हणाली, आईनं एकदा माझ्याकडे नीट बघावं, यासाठी मी गाय म्हणून जन्माला यायला हवं होतं.

(काकू खुर्ची ओढून बसते. टेबलावरचा फोन वाजू लागतो.)

आजोबा : शाळेच्या बाईच असतील. तू घेतेस, की मी घेऊ?

काकू : द्या इकडे. … हॅलो. हो बाई, मीच लावत होते. … गाय दगावली आमची. … उन्हानं. … मुलगी ना? आहे की, समोरच उभी आहे. … नाही, न्यायला येऊ नका. … हो, म्हणाले होते तेव्हा. आता नाही म्हणतेय. … ठेवते. गोठ्यात डॉक्टर खोळंबलाय.

मुलगी : काकू…

काकू : आभारबिभार मानू नकोस. तुझ्यामुळं माझी गाय गेली, हे मी जन्मात विसरायची नाही.

मुलगी : नाही मानत.

काकू : उद्यापासून पहाटे धार काढायला गोठ्यात यायचं. मी हाक मारायला येणार नाही.

मुलगी : येईन.

काकू : तिकडे तिला कोण उठवतं?

मुलगी : कुणीच नाही. सुट्टी आहे ना. उन्हं वर येईपर्यंत झोपते. माझी आई तिच्या खोलीजवळ पावलंसुद्धा वाजू देत नाही.

काकू : इथे कधी झोपली नाही अशी. मी झोपूच दिलं नाही.

आजोबा : रात्री बोलेल ती हिच्याशी. काही निरोप द्यायचा का?

काकू : नको. गाईचंही काही कळवू नकोस तिला. झोपू दे.