मागच्या सीटवरची तक्रार

समारंभाचे अध्यक्ष आणि तंत्रशाळेचे माजी प्राचार्य, त्यांच्या शेजारी बसलेले आमच्या वर्कशॉपचे मालक, ज्यांच्या निवृत्तीच्या निमित्ताने आज आम्ही सगळे इस्त्रीच्या कपड्यांत दिसतोय ते आमचे मिस्त्री, पहिल्या रांगेत संकोचून बसलेल्या वहिनी, गाड्या धुण्यापासून सुट्या भागांच्या खिडकीपर्यंत राबणारे माझे सहकारी, आणि हातातलं काम टाकून आलेले आमचे ग्राहक बंधू-भगिनी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मला भाषण करता येत नाही. माझं काम काउंटरवर बसून लोकांच्या तक्रारी लिहून घ्यायचं. एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांचं ऐकत आले, तेव्हा आज दहा मिनिटं तुम्ही माझं ऐका. फार वेळ घेणार नाही, असं प्रत्येक वक्ता म्हणतो, तसं मीही म्हणते.

आधी एक खुलासा करायला हवा. मघापासून सत्कारमूर्ती सारखे छताकडे बघतायत. अध्यक्षमहाराज, आपल्याला वाटेल की त्यांचे डोळे भरून आलेत. तसं काही नाही. या हॉलचा एसी मघापासून घरघरतोय आणि मिस्त्रींना शिडी हवी आहे. वहिनी, तिथूनच त्यांना जरा दटावा.

गाडीतला एसी बिघडला की माणूस काय म्हणतो? "गॅस संपलाय, भरून द्या." दहातले नऊ जण हेच म्हणतात, आणि नऊंनाही मिस्त्रींचं एकच उत्तर असे, "गॅस म्हणजे पेट्रोल आहे का संपायला? तो गळतो. कुठून गळतो ते आधी बघू." मग ते बॉनेट उघडून एक हात जाड नळीवर आणि एक बारीक नळीवर ठेवायचे, आणि डोळे मिटून उभे राहायचे. नवीन ग्राहक मला हळूच विचारायचे, "बरं वाटत नाही का त्यांना?" कुणाचा पंखा थांबलेला निघायचा, कुणाच्या हवेच्या जाळीत झाडाचा पाचोळा, आणि एकदा तर उंदराचं अख्खं कुटुंब. "आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी" असं काम त्यांनी कधी केलं नाही आणि आम्हाला करू दिलं नाही. स्वभाव मात्र असा की बत्तीस वर्षांत त्यांच्या तोंडून "छान" हा शब्द ऐकल्याचं इथे कुणी शपथेवर सांगू शकणार नाही. आमच्या इंजिनीयर साहेबांनी मान डोलावली, तेव्हा ते कबूल आहे असं धरते.

पण मी उभी राहिले ती हे सांगायला नाही. जे सांगायचंय ते माझ्या घरचं आहे आणि त्यात माझी शोभा नाही.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. माझे सासरे तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. सासूबाई गेल्यापासून आपल्या घरी एकटे राहायचे, स्वतःचं सगळं स्वतः करायचे. दर रविवारी मी त्यांना गाडीने आमच्याकडे जेवायला आणायची. पुढे बसलं की गुडघे अवघडतात, म्हणून ते डाव्या बाजूला मागे बसायचे. एका रविवारी म्हणाले, "सूनबाई, गाडीत कुणीतरी टकटक करतंय. आणि मग पायाशी गरम वारा येतो."

मी पुढे बसलेली, गार हवा तोंडावर, रेडिओवर बातम्या चालू. मला ना टकटक, ना गरम वारा. म्हटलं, "भास झाला असेल, बाबा." पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तिसऱ्या रविवारी मी नवऱ्याला सांगितलं, नवऱ्याने दिरांना. त्याच सुमारास बाबांनी एकदा चावी घरात विसरून दार ओढून घेतलं होतं. झालं. दीर म्हणाले, "साठी बुद्धी नाठी म्हणतात, यांची तर अठ्ठ्याहत्तरी आहे." दोघा भावांनी ठरवलं की डॉक्टरांना दाखवायचं, घर बंद करायचं आणि त्यांना आमच्या मागच्या खोलीत आणून ठेवायचं. गुरुवारची वेळ घेतली. ती मीच फोन करून घेतली.

हे कळल्यावर बाबा गप्प झाले. टकटक नाही, वारा नाही, काहीच बोलेनात. आम्हाला वाटलं, आता बरं आहे.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी मैत्रिणीला हे सांगत होते. मिस्त्री तिथेच नळावर हात धूत होते. त्यांनी वळून विचारलं, "टकटक गाडी सुरू करताना होते की चालताना?"

मी म्हटलं, "मिस्त्री, गाडीचं काही नाही हो, आमच्या सासऱ्यांचं..."

"ते मी नाही विचारलं. कधी होते?"

ते मी बाबांना विचारलंच नव्हतं.

हात पुसत ते म्हणाले, "ताई, इथे परक्या माणसाचा शब्द न् शब्द तुम्ही तक्रारीच्या कार्डावर लिहून घेता. घरच्या माणसाचं कार्ड केलं नाहीत का?" मग म्हणाले, "उद्या गाडी आणा. नुसती गाडी नको, त्यांनाही आणा."

बुधवारी सकाळी इंजिनीयर साहेबांनी गाडीला संगणक लावला. त्यात दोष काही दिसला नाही. माझ्या जिवात जीव आला की धस्स झालं, ते आजही मला नीट सांगता येत नाही. मिस्त्री म्हणाले, "गाडी नेहमी जशी असते तशीच चालवा. माझ्यासाठी नीटनेटकी करू नका. फक्त रेडिओ बंद." आणि ते मागे, बाबांच्या शेजारी, अंग चोरून बसले. थर्मामीटर बाबांच्या पायाशी. वीस मिनिटं आम्ही रस्त्यांवर फिरत होतो. आरशात मला बाबांचा चेहरा दिसत होता. परीक्षेला बसलेल्या मुलासारखे मांडीवर हात ठेवून ते समोर बघत होते.

तिसऱ्या सिग्नलला डॅशबोर्डच्या आतून आवाज आला. टक, टक, टक, टक, टक.

मिस्त्री म्हणाले, "पाच."

बाबा म्हणाले, "कधी कधी सहा असतात."

थोड्या वेळाने मिस्त्रींनी थर्मामीटर उचलून मला दाखवला. पारा चढला होता.

दोष काय होता? गार आणि गरम हवेचं प्रमाण ठरवणारी झडप आतमध्ये डावी-उजवी वेगळी असते. डावी फिरवणाऱ्या इवल्याशा मोटरच्या चाकाचे दोन दाते तुटले होते. चाक सटकलं की टकटक व्हायची आणि डाव्या बाजूची झडप गरमकडे पडायची. पुढे डावीकडे कुणी बसत नाही म्हणून तिथली हवेची जाळी मीच बंद ठेवलेली. मग ती गरम हवा जाणार कुठे? सीटखालच्या नळीतून थेट बाबांच्या पायाशी. मिस्त्रींनी ते तुटकं चाक काढून माझ्या नाही, बाबांच्या तळहातावर ठेवलं.

बाबांनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि मला म्हणाले, "उद्याची डॉक्टरांची वेळ घेतलीच आहेस तर जाऊन येऊ. तुझे कान दाखवू."

तुम्ही हसलात. मीही हसले होते. रात्री नवऱ्याला सांगताना मात्र रडले. वेळ रद्द केली, घर बंद करायचा विषय संपला, आणि बाबा आणखी सहा वर्षं आपल्या घरात, आपल्या चावीने, आपल्या मर्जीने राहिले. ती सहा वर्षं त्यांना मिस्त्रींनी दिली, असं मी म्हटलं तर मिस्त्री म्हणतील, "मी फक्त चाक बदललं." म्हणू देत.

आता वय खरंच झालंय. वर्षभरापासून बाबा आमच्याकडे असतात. नावं विसरतात, वार विसरतात. आज सकाळी मला चार वेळा विचारलं, आपण कुठे चाललोय? चारही वेळा सांगितलं, बाबा, मिस्त्रींच्या निरोपाला. कोण मिस्त्री, ते काही लक्षात येईना. पण इथे फाटकातून आत शिरताना माझा हात धरून म्हणाले, "ज्याने माझ्याबरोबर मोजलं, तो का?"

हो बाबा, तोच. आणि ज्यांनी मोजलं नाही, त्यांत मी पहिली. सात वर्षांत मी तुमची माफी मागितली नाही, ती आज सगळ्यांसमोर मागते.

आयोजकांचे, मालकांचे आणि इतका वेळ शांत बसलेल्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. आणखी एक आगळीक मी जाणूनबुजून करतेय, तीही अध्यक्षांनी पोटात घालावी. कार्यक्रमपत्रिकेत मिस्त्रींना पुष्पगुच्छ आपल्या हस्ते द्यायचा आहे. तो मी तिसऱ्या रांगेत बाबांच्या हातात देऊन आले आहे. त्यांना पायऱ्या चढवत नाहीत. मिस्त्री, तेवढं आपणच खाली या.