आण्णाला शिकवलं कुणी?

नाही, पण पावणं, मला एवढंच सांगा, त्याला शिकवलं कुणी? चहा राहू दे, चहा कुठं पळून जात नाही, आधी हे सांगा. माझा आण्णा, थोरला भाऊ भरमाप्पा, जन्मापासून ठार बहिरा. कानाशी सुतळी बॉम्ब फोडला तरी वळून बघणार नाही. ज्यानं उभ्या आयुष्यात एक शब्द ऐकला नाही तो माणूस दिवसभर बोलायचा. तोंडानं नाही, हातानं. भूक, ताप, कंटाळा, खरं बोलणारा माणूस, नुसतं गोड बोलणारा माणूस... सगळ्याची खूण वेगळी. आमच्या घराण्यात दुसरा बहिरा नाही, बहिऱ्यांची शाळा त्यानं बघितली नाही. मग हे सगळं आणलं कुठनं? मिसरूड फुटल्यापासून विचारतोय, गेल्या सोमवारी काविळीनं त्याला नेला तरी विचारतोय, कुणी सरळ उत्तर देईल तर शपथ.

आईला, आमच्या अव्वाला विचारलं. ती म्हणाली, "शिवानं शिकवलं रं." मग तुम्हाला सांगतो, मला का नाही शिकवलं शिवानं? मला तर आण्णानंच शिकवलं. मी पाळण्यात असल्यापासून तो माझ्यापुढं हात नाचवायचा. माझं नाव सोमेश, पण त्याच्या बोलीत माझं नाव म्हणजे कानाची पाळी धरायची. ज्याला ऐकू येतं, तो. ते नाव आता कुणी घेणार नाही, जाऊ दे... तर मी चार वर्षांचा झालो तरी तोंडातनं अक्षर काढलं नाही. गरजच काय? पाणी मागायला हात आहे, भांडायला हात आहे. अव्वा रडायची, "एक बहिरा दिलास, आता ह्यो मुका." शेवटी तोंड उघडलं ते शाळेत, मास्तरांच्या छडीखाली. मास्तर म्हणायचे, "हात मागं बांध आणि बोल." आता हात बांधून माणूस बोलणार कसा? तिसरीत शाळा सुटली, ती अजून सुटलेलीच आहे.

आमची आत्या शालूबाई, तिची तऱ्हा आणखी निराळी. आण्णाला ऐकू येत नाही म्हणून ती त्याच्याशी जास्त मोठ्यानं बोलायची. "भरमाप्पाऽऽ, च्या घेणार न्हवं काऽऽ?" आण्णा सोडून सगळी गल्ली हो म्हणायची.

मग आले कॉलेजातले दोन सर. आम्ही दोघं शाहूपुरीच्या बाजारात टेंपोतनं गुळाचे रवे, ढेपा उतरवायचो, तिथं एकानं आमचं बोलणं बघितलं आणि दुसऱ्याला घेऊन थेट कागलला घरी आला. येताना काय आणलं असेल? टेपरेकॉर्डर. ठेवला आण्णापुढं, दाबलं लाल बटण, "बोलू द्या त्यांना." आण्णा बोलला की, चांगला अर्धा तास बोलला. नंतर टेप उलटी फिरवून लावली तर आत नुसती शालूबाई.

मी म्हटलं, सर, ते राहू द्या, त्याला शिकवलं कुणी एवढं सांगा. बारके सर म्हणाले, "कुणीच नाही. भाषेचा सांगाडा माणूस जन्माला येताना घेऊनच येतो. कोंबडीच्या पिल्लाला दाणे टिपायला कोण शिकवतं?" जाडे सर म्हणाले, "छे, छे. पोर म्हणजे कोरी पाटी. यांना बघून बघून त्यानं उचललं." मी म्हटलं, "आमच्यात त्याच्याआधी कोण हात हलवत नव्हतं, मीच त्याला बघून उचललं." "बघा, म्हणजे आतूनच आलं," बारके. "आतून आलं असतं तर ह्याच्या आतून का नाही आलं?" जाडे, माझ्याकडं बोट करून. झालं, दोघं मला सोडून एकमेकांवर घसरले. आण्णानं मला खुणेनं विचारलं, भाऊ भाऊ आहेत काय, वाटणीवरनं चाललंय? मी म्हटलं, व्हय, वाटणीवरनंच.

हसा, हसा. सोमवारी मी पण हसलो असतो, पण...

आमच्यात जाळत नाहीत, पुरतात, आणि पुरतात ते बसवून. मांडी घालून, देवापुढं बसल्यासारखं. आण्णाला खड्ड्यात बसवला, मठाच्या स्वामींनी खाली उतरून कपाळाला विभूती लावली, डाव्या तळव्यावर त्याच्या गळ्यातलं लिंग ठेवलं, आणि वाकून मंत्र सांगायला लागले. कुठं? कानात. कुणाच्या? आण्णाच्या.

मी वरनं म्हटलं, "स्वामी, त्याला ऐकू येत न्हाई."

शालूबाई म्हणाली, "गप रं, शेवटचं हाय."

"शेवटचं हाय म्हणूनच म्हणतोय."

स्वामी माणूस चांगला, रागावले नाहीत. म्हणाले, "बाळा, मंत्राला कान लागत न्हाईत. आत्मा ऐकतो."

"मग कानात कशाला सांगताय? आणि आत्म्याला तरी शिकवलं कुणी?"

माणसं चुळबुळायला लागली. माझा मामा म्हणाला, "दिवस कलला, ह्या पोराला बाजूला घ्या, माती ओढा." माती ओढा म्हणे. कुठं चाललाय ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. काविळीच्या डाक्टरनं काय केलं ते पण मीच त्याला समजावलेलं. त्याच्या बोलीत सांगणारा सगळ्या मुलखात मी एकटा, आणि मला बाजूला घ्या? मी उडी टाकली. मामानं मागनं सदरा धरला, तो त्याच्या हातात राहिला.

खाली गेलो, हात उचलले आणि थांबलो. आण्णाचे डोळे मिटलेले. त्याचे कान म्हणजे डोळेच की. आता सांगू कुणाला? वर फावडी भरून माणसं उभी, अव्वाचं रडणं थांबलेलं, स्वामी माझ्याकडं बघतायत. मग आठवलं, वीज गेली की आम्ही अंधारात कसं बोलायचो. तळव्यावर.

त्याचा उजवा हात घेतला. गार. बरं, घेतला खरा, पण आमच्या बोलीत मंत्र होता कुठं? बोटं अडली. अव्वा सकाळी पूजेला बसली की आण्णा मला तीन बोटं आडवी ओढून दाखवायचा, कपाळावरच्या विभूतीसारखी. अव्वा देवाजवळ बसलीय, दंगा करू नको. तीच खूण ओढली त्याच्या तळव्यावर. देवाजवळ. स्वामींनी विचारलं, "झालं?" मी म्हटलं, झालं.

झालं होतं, पण हात सुटेना. आणि सवयीनं आणखी एक खूण निघून गेली... शाहूपुरीत त्याला टेंपोजवळ बसवून मी चहा आणायला जायचो तेव्हाची. सगळ्या बोलीत तेवढी एकच खूण माझी, बाकी सगळं त्याचं. म्हणजे आतनं आलं का बाहेरनं आलं ते सरांना विचारा, मंत्र पोचला का नाही ते स्वामींना विचारा, पण ही एक त्याला शिकवली कुणी, ते मला माहीत आहे. आणि ती केली की, पावणं, मी परत येईपर्यंत आण्णा जागचा हलायचा नाही. ऊन येऊ दे, पाऊस येऊ दे, बसलेला.

दोनदा थोपटलं, एकदा दाबलं. तू बस, मी आलोच.